सरकीची साक्ष

सोमाजी थूलने पहिल्याच भेटीत माझ्यावर संशय घेतला, आणि तोही माझ्या हातात ब्रश होता म्हणून. मी देवळीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. गावाबाहेर कापसाच्या जिनिंग-प्रेसच्या मागे जो माळ आहे, तिथे दर डिसेंबरात गोल्फची स्पर्धा भरायची. जिंकणाऱ्याचं नाव लाकडी फळ्यावर रंगवायचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. नाव पुरं करून मी दोन पावलं मागे सरलो तर हा माणूस माझ्या पाठीला लागून उभा. अंगात जुना खाकी कोट, डोक्याला मुंडासं, डोळे बारीक केलेले.

"काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. त्याने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तो गेला आणि प्रेसच्या कारकुनाला घेऊन आला. मला बोटानेच गप्प राहायला सांगून त्याच्याकडून नाव वाचून घेतलं. मग रस्त्याने चाललेल्या पोस्टमनला हाक मारली. तिघांचं वाचन एक आलं तेव्हा कुठे म्हणाला, "हां, बरोबर हाय."

"माझ्यावर विश्वास नव्हता का?" मी जरा चिडूनच विचारलं.

"काऊन ठेवू? तुमी माये कोन लागता? इस्वास तं पानपतातच मेला, मास्तर."

मला त्याचा राग आला होता. पुढे कळलं, हा माणूस स्वतःच्या बायकोनेही सांगितलेली वेळ घराबाहेर येऊन सूर्याकडे बघून पडताळून घेतो. मग राग गेला.

आता आमच्या देवळीजवळच्या माळावर गोल्फ कुठून आलं, हे सांगायला हवं. प्रेस पूर्वी गोऱ्यांच्या कंपनीची होती. हंगामाला कापूस घ्यायला साहेब लोक जमायचे, त्यांना करमत नव्हतं. त्यांनी माळावर नऊ खड्डे खणले आणि काठीने चेंडू मारत त्या खड्ड्यांत घालायचा खेळ सुरू केला. पुढे बाहेरून पेशेवर, म्हणजे पैशासाठी खेळणारे, खेळाडू बोलवायची पद्धत पडली. कामठी, नागपूर, जबलपूरकडून ते यायचे, तीन दिवस खेळायचे, रोज नऊ खड्ड्यांच्या दोन फेऱ्या. ज्याला सगळ्यात कमी फटके लागतील तो जिंकला. साहेब गेले, स्वातंत्र्य आलं, प्रेसला देशी मालक मिळाला, पण स्पर्धा काही बंद पडली नाही. गावाला तिची सवय झाली होती. लोक तिला 'काठीचेंडूची जत्रा' म्हणायचे आणि शेंगा खात बघायला यायचे.

इथे हिरवळ कुठली असणार? खड्ड्याभोवतीची जागा सपाट हवी म्हणून वाळूत इंजिनाचं जळकं तेल कालवून ती थापायचे. तिच्यावरून चेंडू गेला की काळा पट्टा ओढल्यासारखा दिसायचा. डाव्या अंगाला शेतकऱ्यांची पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस. डिसेंबरात बोंडं फुटलेली असायची आणि चेंडू पांढरा, त्यामुळे पऱ्हाटीत गेलेला चेंडू म्हणजे गेलाच. जिंकणाऱ्याला फुलांचा हार नसायचा, पहिल्या वेचणीच्या कापसाचा घालायचे, आणि त्याला रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, बांधलेल्या गाठीवर उभं करून टाळ्या वाजवायचे. या सगळ्या रीती साहेबांनी घालून दिल्या होत्या आणि आमच्या लोकांनी त्या साहेबांपेक्षा कडक पाळल्या.

त्यातली सगळ्यात जुनी रीत म्हणजे सोमाजीची सरकी.

सोमाजीला लिहिता येत नव्हतं. शेवटच्या दिवशी जो खेळाडू सगळ्यांच्या पुढे असेल त्याच्याबरोबर सोमाजी चालायचा. कोटाच्या उजव्या खिशात मूठभर सरकी, डावा खिसा रिकामा. खेळाडूने एक फटका मारला की एक सरकी उजवीकडून डावीकडे. खेळ संपला की डावा खिसा पितळी ताटलीत ओतायचा. सेक्रेटरीने सगळ्यांच्या देखत मोजायचं. खेळाडूचे फटके बरोबरचा खेळाडू कार्डावर लिहायचा; तो आकडा आणि ताटलीतला आकडा जुळला की मगच हार. कार्डावर कमी लिहिलेलं निघालं तर तो खेळाडू बाद, मग तो कितीही पुढे असो.

ही पद्धत पहिल्या गोऱ्या मॅनेजरची. लिहिता येणारा माणूस फितवता येतो असं त्याचं मत होतं, म्हणून त्याने मुद्दाम न लिहिता येणारा निवडला. मी सोमाजीला एकदा म्हटलं, "म्हणजे साहेबाचा तुमच्यावर फार भरवसा होता."

"मायावर नवता," सोमाजी म्हणाला. "बाकीच्याइवर त्याहून कमी होता, एवढंच."

त्याची नजर खरोखर तयार होती. एकदा जबलपूरच्या एका नावाजलेल्या खेळाडूचा चेंडू सकाळी सकाळी पऱ्हाटीत गेला. त्याच्या पिशव्या वाहणारा माणूस आत शिरला आणि चुटकीसरशी ओरडला, "मिल गया!" सगळ्यांना हायसं वाटलं. सोमाजी मात्र चालत गेला, चेंडू उचलला आणि त्याच्यावर अंगठा फिरवला.

"पऱ्हाटीवर दहिवर हाय," तो म्हणाला. "मायं धोतर भिजून चिंब झालं. हा चेंडू कोरडा कसा?"

त्या माणसाच्या विजारीच्या खिशाला भोक होतं. दुसरा चेंडू त्यातून पायावरून खाली सोडला होता. खेळाडू बाद झाला. त्या संध्याकाळी मी सोमाजीचं कौतुक करायला गेलो तर तो मलाच म्हणाला, "तुमी त्याच्या जवळ उभे होते, मास्तर. तुमाले दिसलं नाई, का तुमी पाह्यलं नाई?" अशा माणसाचं कौतुक तरी कसं करायचं?

सरकीचीही तो निगा राखायचा. दसऱ्याच्या आठ दिवस आधी नवी सरकी घ्यायची, पेरणीच्या बियाण्यासारखी शेणमातीत घोळायची, उन्हात वाळवायची आणि एका लहान मडक्यात भरून ते मडकं घरच्या देवांच्या कोनाड्यात ठेवायचं. डिसेंबरापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

छप्पन साली दसऱ्याला सोमाजी नागपूरला गेला. आमच्या भागातली हजारो माणसं गेली, तसा तोही बायकोला घेऊन गेला, दीक्षा घेतली आणि पांढऱ्या कपड्यांत परत आला. चालीत फरक पडला होता. पूर्वी प्रेसच्या ऑफिसच्या पायरीखाली उभा राहून बोलायचा, आता वर येऊन बोलायला लागला. स्पर्धेचे सेक्रेटरी देशमुख साहेब, म्हणजे प्रेसचे हेडक्लार्क, हे बघून हसले आणि चारचौघांत म्हणाले, "सोमा, धर्म बदलला, आता मोजणी तीच राहील ना रे?"

"मोजणीले धर्म नस्ते, साहेब."

तो शांतपणे बोलला, पण मी त्याचा चेहरा पाहिला. आयुष्यभर हा सगळ्यांवर संशय घेत आला होता आणि त्याच्यावर कुणी घेतला नव्हता. आता गावात तेवढंच चाललं होतं. चहाच्या दुकानात लोक म्हणायचे, देव नदीत सोडून आला, आता याच्या हातची साक्ष कोण मानणार? सोमाजी दुकानावरून जाताना ते गप्प व्हायचे, आणि ते गप्प झालेले त्याला ऐकू यायचं.

त्याच डिसेंबरात जगन पुढे आला. जगन राऊत जवळच्याच खेड्यातला, कुणब्याच्या घरचा. माळाला लागून त्यांचं शेत. हरवलेले चेंडू शोधून देता देता तो स्वतः काठी धरायला शिकला आणि आता पेशेवर म्हणून खेळायचा. नागपूरच्या एका क्लबात खेळ शिकवायची कायमची नोकरी त्याच्यासाठी जवळजवळ ठरली होती. इथे जिंकला की पत्र येणार होतं. सगळं गाव त्याच्या बाजूने. शेवटच्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे होता, त्यामुळे सोमाजी त्याच्याबरोबर.

मी सोमाजीला म्हटलं, "आज तरी नजर जरा सैल ठेवा. आपला पोरगा आहे."

"म्हून तं जास्त पाह्यलं पायजे. सोडून देल्लं तं लोकं म्हनतीन, मोजणाराच बाटला."

जगनने त्या दिवशी जो खेळ केला तो मी विसरणार नाही. शेवटच्या खड्ड्यात चेंडू पडला तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या. कार्डावर एकाहत्तर. जबलपूरचा दुसरा एक खेळाडू त्याच्याबरोबर खेळत होता, त्यानेच जगनचं कार्ड लिहिलं होतं आणि सही केली होती. कापसाचा हार आणला गेला. सोमाजीने डावा खिसा ताटलीत ओतला.

बहात्तर.

देशमुखांनी पुन्हा मोजलं. बहात्तर. तिसऱ्यांदा मोजलं. जगन ताटलीकडे बघतच राहिला. जबलपूरवाला आधी म्हणाला, एकाहत्तरच होते. मग त्याच्या लक्षात आलं की जगन बाद झाला तर जिंकतो कोण. तो डोकं खाजवून म्हणाला, माझ्याकडून एखादा राहिला असेल.

"सोमाजी, तुमी सांगा," जगन म्हणाला. "तुमी सोबत होते."

सोमाजीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी काय सांगू? सरकीनं सांगतलं. कमी लिवलं गेलं."

मागून कुणीतरी 'चोर' म्हटलं. अर्ध्या तासापूर्वी टोप्या उडवणारेच ते लोक. जगनने काठ्यांची पिशवी खांद्याला लावली आणि तो पऱ्हाटीतून घरी गेला. नागपूरचं पत्र आलं नाही. मी फळ्यावर जबलपूरवाल्याचं नाव रंगवलं, आणि सोमाजीने नेहमीप्रमाणे ते तिघांकडून वाचून घेतलं.

पुढच्या जूनची गोष्ट. धूळपेरणीचे दिवस, पाण्याचा पत्ता नव्हता, जमीन तापलेली. भर दुपारी सोमाजी शाळेत आला. वर्गाच्या दारात उभा राहिला आणि मला बाहेर बोलावलं.

"मास्तर, मोजणीच्या वक्ताले तुमी ताटलीपाशीच होते न? खरं सांगा. त्या सरकीत जोडी होती का?"

"कसली जोडी?"

"दोन सरक्या चिकटेल. एकमेकीले धरून."

मी आठवलं. आणि मला ते स्पष्ट दिसलं. देशमुखांनी पहिल्यांदा मोजताना दोन सरक्या नखाने सोडवल्या होत्या. त्यांच्यामध्ये पांढरी लव ताणली गेली आणि तुटली. ते मी पाहिलं होतं.

"होती," मी म्हटलं.

सोमाजी भिंतीला टेकला. मग त्याने सांगितलं ते असं. नागपूरहून आल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने घरातले देव कोनाड्यातून काढून नदीत सोडले. कोनाड्यात होतं ते सगळं एका टोपलीत भरलं आणि सोडलं. सरकीचं मडकंही त्यातच गेलं. घाईत दोघांच्याही ध्यानात आलं नाही. स्पर्धेच्या सकाळी खिसा भरायला मडकं सापडेना तेव्हा तो जिनच्या ढिगावर गेला आणि मूठभर सरकी तशीच उचलून आणली. न घोळलेली. आज सकाळी बायकोला पेरणीसाठी सरकी शेणमातीत चोळताना बघत तो बसला होता. शेणमातीने लव बसते म्हणून बी सुटं राहतं, नाहीतर दोन-दोन चिकटतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. सोमाजीलाही ठाऊक होतं. पण खिशात हात घालताना त्याने ते मनात आणलं नव्हतं.

"बोटाले एकच लागली, मास्तर," तो म्हणाला. "जगन खरा होता. मी त्याले सगळ्या गावापुढं चोर केलं."

मग त्याने विचारलं, "तुमी पाह्यलं होतं, तं तवा काऊन नाई बोल्ले?"

"तुमच्या सरकीवर शंका कोण घेणार, सोमाजी?"

हे उत्तर खरं होतं. तरी देताना मला लाज वाटली.

मी त्याला समजावलं. म्हटलं, गप्प राहा. हे आता सांगितलंत तर लोक काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला एकट्याला नाही म्हणणार, तुमच्या सगळ्या लोकांना म्हणतील. तो म्हणाला, "त्याचा रातभर इचार करत बसलो असतो, पन मले समजलंच आज सकाळी. आता चाला माह्यासंगं. माया एकट्याचं कोनी आयकनार नाई."

आम्ही देशमुख साहेबांकडे गेलो. सोमाजीने सगळं सांगितलं, मडकं कसं गेलं तेही. ते सांगायची गरज नव्हती. मी मध्येच खोकलो, पण त्याने गाळलं नाही. देशमुखांनी ऐकलं आणि अगदी जे म्हणतील असं वाटलं होतं तेच म्हटलं.

"तरी मी म्हणत होतो. देव बुडवले ना रे? त्याचंच हे फळ."

"देव बुडोले म्हून नाई चुकलं, साहेब. सरकी घोयली नाई म्हून चुकलं. ह्या दोन गोष्टी येगयेगळ्या हायत. दुसरी माया गुन्हा हाय, तो मी कबूल करतो. पयल्या गोष्टीची मले लाज नाई."

देशमुखांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, फळ्यावर एकदा लिहिलेलं नाव पुसायची आपल्याकडे रीत नाही. इतक्या वर्षांत कधी पुसलं नाही. लोकांना आता सांगितलं तर मागची सगळी नावं खोटी ठरतील. तेव्हा झालं ते झालं. फक्त येत्या वर्षापासून मोजायला दुसरा माणूस बघू. सोमाजीने माझ्याकडे पाहिलं. मी रंगारी, माझ्या हाती काय होतं? असं मी स्वतःला सांगितलं. फळ्यावरचं नाव झाकायला रंगाचा एक हात पुरला असता, हेही मला माहीत होतं.

बाहेर आल्यावर सोमाजी थेट जगनच्या खेड्याची वाट चालू लागला. मी मागोमाग. ऊन डोक्यावर होतं. वाटेत तो एकदाच बोलला. "त्यानं मारलं तं मधात पडू नका."

जगन घरासमोरच्या लिंबाखाली बसून वखराची लोखंडी पास ठोकत होता. आम्हाला बघून उठला. सोमाजीने उभ्याउभ्याच सांगितलं. देशमुखांना सांगितलं तसंच, काही न गाळता. शेवटी म्हणाला, "तुये एकाहत्तरच होते. मी चुकलो. तू चोर नाई."

जगनची नजर खाली पडलेल्या हातोडीवर गेली. मला वाटलं आता हातोडी उचलतो. पण तो खाली बसला.

"मले तं वाटलं, मीच चुकलो," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"घरी आल्यावर मी रोज तो खेळ आठोला. पयल्या खड्ड्यापासून. रोज एकाहत्तरच येत. मंग मी म्हनलं, सोमाजीची सरकी काई खोटी होत नाई. म्हंजे मायंच डोकं खोटं हाय. मी लबाड हाय अन् मलेच ठाव नाई." तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "काठ्या कोठ्यावर फेकून देल्ल्या. आता पेरनीत तिफनीची तासं मोजतो तं तेबी दोनदा मोजतो. मायाच मोजनीवर माया इस्वास नाई राह्यला, सोमाजी."

सोमाजी आयुष्यभर कुणावर विश्वास न ठेवता जगला होता. आपल्यावर कुणी इतका ठेवला असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्याने पुसलंही नाही.

"मले शिव्या दे," तो म्हणाला. "दे न बाप्पा."

"काऊन देऊ? तुमी येऊन तं सांगतलं." जगनची नजर माझ्याकडे वळली. "बाकी कोनी आलं नाई."

मी खाली बघितलं. मला शाळेची घंटा गाठायची होती, निदान तसं मी म्हणालो आणि निघालो. त्यानंतर सोमाजी माळावर कधी आला नाही आणि मीही चार महिन्यांनी बदली होऊन हिंगणघाटकडे गेलो, त्यामुळे त्याला नीट पाहिलं ते शेवटचं त्याच दिवशी, गल्लीच्या वळणावरून मागे वळून.

जगनने घरातून बाज आणली होती, लिंबाच्या सावलीत टाकली होती आणि वर घोंगडी अंथरून तो सोमाजीला बसायला सांगत होता. सोमाजी उभाच. रस्त्याने जाणारे दोघं-तिघं थांबून बघत होते. त्यांना वाटलं असणार, कुणब्याने स्वतः बाज टाकून दिली तरी याच्या अंगातली जुनी भीती काही जात नाही. तसं नव्हतं. नागपूरहून आल्यापासून सोमाजी कुणाच्याही दारी, कुणाच्याही बाजेवर ताठ बसायचा. या एका बाजेवर त्याला बसवत नव्हतं.